तळणीची कढई, झारा आणि ती जाळीची टोपली: नेमकं काय घ्यावं?

रानजाई

नमस्कार मंडळी.

दिवाळी तीन आठवड्यांवर आली आणि आमची तळणीची कढई परवा कामातून गेली. सासूबाईंची हिंडालियमची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, पंचवीस वर्षं वापरातली. एका कानाचा रिबिट सैल होऊन निघाला. बसवून मिळेल, पण लिटरभर तापलेलं तेल घेऊन कढई उतरवताना तोच कान निसटला तर, हा विचार मनातून जात नाही. नवीच घ्यायची आहे.

त्याआधी माझ्याकडून एक चूक होऊन गेली आहे, ती सांगते. एका मोठ्या दुकानात 'फ्रायिंग सेट' घेतला. सरळ उभ्या कडांचं स्टीलचं भांडं, आत बसणारी तारेच्या जाळीची टोपली आणि काचेचं झाकण. दोन हजारांच्या वर गेले. शनिवारी पाऊस होता म्हणून कांदाभजी करायला घेतली. टोपली तेलात ठेवून तिच्यात पीठ सोडलं. भजी वर यायलाच तयार नाहीत. टोपली उचलून पाहते तर जाळीच्या एकेका घरातून पीठ खाली उतरून पलीकडे फुगलेलं, म्हणजे भजं दोन्ही बाजूंनी तारेला बटणासारखं अडकलेलं. ओढलं की अर्धं हातात, अर्धं जाळीत. ती जाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने पाऊण तास घासत होते. शिवाय भांड्यात तळणीपुरती खोली यायला दोन लिटरच्या वर तेल ओतावं लागलं, आणि एवढं तेल परत कधी वापरायचं हा प्रश्न वेगळाच.

घरात आम्ही चौघं, पण फराळ दोन्ही नणंदांकडेही जातो. चकली, शेव, शंकरपाळी, करंज्या, चिवडा आणि सासूबाईंच्या पद्धतीचे अनारसे. गॅसची शेगडी आहे. कढई लोखंडी घ्यावी, बीडाची, स्टीलची की पुन्हा हिंडालियमची? झारा कसला? आणि ती टोपली कशाच्या तरी उपयोगाची आहे का?

अबोली७१

रानजाई, टोपली टाकून देऊ नकोस. तू तिच्यात चुकीचा पदार्थ घातलास एवढंच. ओल्या पिठाचं काहीही जाळीत सोडायचं नाही. भजी, बटाटेवडे, मेदूवडे थेट तेलातच सोडायचे आणि झाऱ्याने काढायचे.

आता टोपलीचं खरं काम सांगते. तळलेल्या पोह्यांचा चिवडा करतेस ना? दगडी पोहे कढईत मोकळे टाकले तर फुलून तेलभर पसरतात. झाऱ्याने सगळे गोळा करेपर्यंत पहिले टाकलेले लाल होतात आणि शेवटचे कच्चे राहतात. माझी आई दांड्याच्या तारेच्या चाळणीत मूठभर पोहे घेऊन चाळणीच तेलात बुडवायची. फुलले की चाळणी वर, दोनदा झटकली की पोहे परातीत. सगळे एकसारखे पांढरेशुभ्र. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, डाळं, काजू, मक्याचे पोहे, कढीपत्ता सगळं त्याच चाळणीत. म्हणजे सुटं, कोरडं, बारीक आणि क्षणात तळलं जाणारं जे काही आहे, त्यासाठी टोपली.

फक्त चाळणी एक तृतीयांशच भर. पोहे दुपटी-तिपटीने फुगतात, आणि जास्त घातले तर तेल एकदम फसफसून काठावर येतं. कढईसुद्धा निम्म्याच्या वर कधी भरू नये.

निवृत्त_यंत्री

अबोलीताईंच्या चाळणीबद्दल एक गोष्ट घेतानाच पाहावी. जाळी आणि कडं यांचा सांधा कसा जोडला आहे? कथील आणि शिसं मिसळलेलं जे नेहमीचं सोल्डर असतं, त्याचं एक मिश्रण १८३ अंशांनाच वितळतं. पोहे तळायचं तेल त्याच्या आसपास किंवा वर असतं. तेव्हा वेल्डिंग केलेली किंवा कडं दुमडून जाळी दाबून बसवलेलीच चाळणी घ्यावी. चहाची गाळणी या कामाला वापरू नये, प्लॅस्टिकच्या कड्याची तर नाहीच.

आता भांड्याचा आकार. रानजाईंना दोन लिटरच्या वर तेल का लागलं याचा हिशेब मी करून पाहिला. गोल बुडाची, तोंडाशी २६ सेंटीमीटर आणि साधारण ९ सेंटीमीटर खोल कढई घ्या. तिच्यात मधोमध ५ सेंटीमीटर खोली यायला जेमतेम १ लिटर तेल पुरतं आणि वर तेलाचा २१ सेंटीमीटरचा गोल मिळतो. तेवढाच गोल आणि तेवढीच खोली सपाट बुडाच्या, उभ्या कडांच्या भांड्यात हवी असेल तर १.८ लिटर लागतं. जवळपास दुप्पट. घरच्या तळणीत तेल वाचवायचं असेल तर गोल बूड, यावर माझ्या मते वाद नाही.

गोल बुडाचा तोटाही सांगतो. पिठाचा चुरा खाली घसरून बरोबर मधोमध जमतो, आणि ज्योतही तिथेच असते. तो चुरा जळून तेल काळं आणि कडू करतो. परदेशी विजेच्या काही तळणयंत्रांत तापणारी नळी बुडापासून वर, तेलातच असते. तिच्याखालचं तेल त्यामानाने थंड राहतं, म्हणून तिथे पडलेला चुरा जळत नाही. आपल्या कढईत ती सोय नाही. त्यावर उपाय म्हणजे बारीक जाळीचा एक छोटा झारा. दर घाण्यानंतर तळातून फिरवून चुरा काढायचा. माझी सौ. हे कधीच चुकवत नाही आणि तिच्या शेवटच्या घाण्याच्या चकलीचा रंग पहिल्या घाण्यासारखाच असतो.

वैदर्भीय

लोखंडीच घ्या जी. दुसरं काही पाहूच नका.

आमच्याकडे नागपूरला सांबारवडी तळतात. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. वीतभर लांब वडी, आत सारण गच्च. एका वेळी चार सोडल्या की पातळ कढईतलं तेल एकदम थंड होते, वडी तेल पिते आणि पापुद्रा मऊ पडतो. जाड लोखंडी कढईत तेल तेवढं उतरत नाही. माझ्या आजीच्या कढईचं वजन तीन किलोच्या वर आहे, ती आज माझ्याकडे आहे.

दुकानात लोखंडी आणि बीडाची यात फरक विचारून घ्या. लोखंडी म्हणजे पत्रा ठोकून घडवलेली. बीडाची म्हणजे ओतीव. ओतीव कढई दिसायला मजबूत असली तरी ठिसूळ असते. हातातून फरशीवर पडली तर कान तुटतो, तापलेली असताना गार पाणी ओतलं तर तडकते. ठोकीव कढईला पोचा येईल, फुटणार नाही.

नवी आणली की आधी घासून तिचं कारखान्याचं तेल काढा, कोरडी करून मंद आचेवर तापवा, पातळसं खायचं तेल चोळा, धूर येऊन जाऊ द्या. असं तीन-चार वेळा. मग टाकाऊ कांद्याचे जाड काप त्यात काळे होईस्तोवर परता आणि फेका. त्यानंतर पहिली तळणी.

निवृत्त_यंत्री

वैदर्भीय यांच्या अनुभवाला आकडा जोडतो. अडीच किलो लोखंडात, त्याच तापमानाच्या एक लिटर तेलाच्या मानाने सुमारे साठ टक्के उष्णता साठते. पाऊण किलोच्या ॲल्युमिनियमच्या कढईत चाळीस टक्क्यांच्या आत. म्हणजे फरक आहे, पण उष्णतेचा मुख्य साठा तेलच असतं. एका वेळी कढईत किती घालता, याचा परिणाम धातूपेक्षा मोठा. तेलाच्या पृष्ठभागाचा निम्मा भाग मोकळा दिसला पाहिजे.

ॲल्युमिनियमचा गुण वेगळा आहे. ते लोखंडाच्या जवळपास तिप्पट वेगाने उष्णता पसरवतं. स्टील या बाबतीत सगळ्यात मागे, म्हणून एकपदरी पातळ स्टीलच्या कढईत ज्योतीच्या वर्तुळापुरतंच जळतं. स्टील घ्यायचंच असेल तर आत ॲल्युमिनियमचा थर असलेलं, तीन पदरी घ्यावं. नॉनस्टिकमध्ये तळणी करू नये. तळताना चिकटण्याचा प्रश्न मुळात नसतो, आणि रिकामी कढई गॅसवर विसरली तर २६० अंशांच्या पुढे तो लेप बिघडू लागतो.

अबोली७१

काका, पितळी कढईचं काय? आमच्याकडे नाशिकच्या भांडी बाजारातून आणलेली कल्हईची आहे. पूर्वी लग्नाघरी बुंदी त्यातच पडायची.

निवृत्त_यंत्री

अबोलीताई, कल्हई म्हणजे कथील, आणि शुद्ध कथील २३२ अंशांना वितळतं. बुंदी-पुरीला तेल तेवढं तापत नाही, पण गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसलं तर धुरापर्यंत जायला वेळ लागत नाही. मग कल्हई फिरते आणि ठिपके पडतात. उघड्या पितळेत तेल लवकर खवट होतं, कारण पितळेतल्या तांब्याच्या संगतीने तेल हवेशी भराभर बिघडतं. कल्हई धड असेल तर वापरा, पण तेल कढईत रात्रभर ठेवू नका. लोखंडी कढईलाही हेच लागू.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून लिहिते आहे. इथे माझ्याकडे विजेची सपाट काचेची शेगडी. गोल बुडाची कढई तिच्यावर डुगडुगते आणि बुडाचा टीचभर भागच तापतो. म्हणून ज्यांच्याकडे इंडक्शन किंवा अशी शेगडी आहे त्यांनी 'गोल बूड' वाचून लगेच घ्यायला जाऊ नये. मी ओतीव लोखंडाचं सपाट बुडाचं खोल भांडं वापरते. तेल जास्त लागतं, ते मान्य.

विजेचं टोपलीवालं यंत्रही तीन वर्षं वापरलं. त्याचा एकच मोठा गुण म्हणजे तापमान बांधलेलं राहतं. १६० वर काटा ठेवला की शंकरपाळी एका रंगाची. पण चकली? टोपलीत एका वेळी चार मावतात, पाचवी टाकली की एकमेकींना चिकटतात. उलटायला जागा नाही. आणि साफ करणं म्हणजे अर्धा दिवस. शेवटी शेजारणीला देऊन टाकलं आणि त्याऐवजी दांड्याचा थर्मामीटर घेतला. माझ्या सगळ्या तळणीच्या सामानात सर्वांत उपयोगी वस्तू तीच. माझे आकडे देते, तुम्ही आपल्या पिठाप्रमाणे बदला: अनारसे १४० ते १५०, शंकरपाळी १५५-१६०, चकली सोडताना १७० आणि नंतर १६०, पुऱ्या १९०, पापड-कुरडया २०० च्या आसपास.

मालवणी_वडा

थर्मामीटर चांगलाच, पण चकलीला बुडबुड्यांकडे बघायचं सोडू नका. चकली सोडल्यावर भोवती मोठाले, जोरदार बुडबुडे येतात. ते पाण्याची वाफ. हळूहळू बारीक होत जातात आणि आवाज बसतो. तो आवाज बसला की चकली आतून कोरडी झाली. रंगावर काढाल तर वरून लाल आणि दुसऱ्या दिवशी मऊ.

आमचे मालवणी वडे मात्र उलटे. तेल कडकडीत हवं, वडा टाकल्याबरोबर वर यायला हवा, आणि झाऱ्याने त्याच्यावर तेल उडवत राहायचं की टम्म फुगतो. इथे खोल झारा चालत नाही. चपटा, हलका, लांब दांड्याचा लागतो. दांडा किमान फूटभर, आणि पाळं दांड्याला एका रिबिटावर नाही, दोनावर बसवलेलं. एका रिबिटाचं पाळं फिरतं आणि वडा परत तेलात पडतो. तेव्हा उडणारं तेल मनगटावर घेतलंय मी.

त्यावरून सुरक्षेचं. गेल्या आषाढी एकादशीला बहिणीच्या घरी साबुदाणा वडा कढईत फुटला. साबुदाणा नीट निथळलेला नव्हता. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० पट जागा मागते, आणि वड्याला वरून कडक कवच आलेलं असलं तर ती कवच फोडूनच बाहेर पडते. तिच्या हनुवटीवर तेल उडालं. भाचा टूथपेस्ट घेऊन धावला, मी त्याला थांबवलं. नळाच्या वाहत्या पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटं धरायचं. बर्फ नाही, पेस्ट नाही, हळद नाही. डाग राहिला नाही.

आणि कढईच्या मापाची एक परात किंवा सपाट झाकण तळणीच्या वेळी ओट्यावर हाताशी असूच दे. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद आणि वरून झाकण. पाणी कधीच नाही, आणि कढई उचलून बाहेर पळायचं नाही.

रानजाई

मालवणी, हे वाचून अंगावर काटा आला. झाकणाचा विचार मी कधी केलाच नव्हता.

अनारशांचं कोणी सांगेल का? लोखंडी कढई जड, उष्णता धरून ठेवणारी. अनारशाला तर आच पटकन कमी करता यायला हवी. आमच्याकडे मागच्या वर्षी निम्मे अनारसे हसले.

अबोली७१

बरोबर ओळखलंस, अनारशाला लोखंडी कढई नको. अनारसा हसतो, म्हणजे तुपात जाऊन विरघळून पसरतो, तो बहुतेक वेळा पिठात गूळ जास्त झाल्यामुळे. पण तूप जास्त गार असलं तरी हसतो आणि जास्त तापलं तर खालून करपतो. म्हणून आच बदलली की लगेच बदलणारं भांडं हवं. मी सपाट बुडाची, पसरट, पातळसर कढई वापरते. आई तिला तई म्हणायची, जिलबीलाही तीच. तूप जेमतेम दोन बोटं. एका वेळी एकच अनारसा, खसखशीची बाजू वर. तो उलटायचा नाही. झाऱ्याने कडेकडेचं तूप त्याच्यावर हळूहळू उडवायचं की जाळी पडत जाते. मग झाऱ्यावर उभा करून निथळायचा आणि चाळणीत उभाच ठेवायचा, आडवा नाही. आडवा ठेवला की तूप त्याच्यातच बसतं.

तुझं ते दोन हजाराचं सरळ कडांचं भांडं आहे ना? बूड जड नसेल तर अनारसे त्यात करून बघ. टोपली चिवड्याला, भांडं अनारशाला. पैसे वाया गेले नाहीत.

वैदर्भीय

अबोलीताईंचं अनारशाचं मान्य. लोखंडीचा माझा आग्रह बाकी सगळ्यासाठी.

निथळण्यावरून आठवलं. तळलेलं वर्तमानपत्रावर काढू नका. छपाईची शाई अन्नात उतरते, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनेही २०१६ मध्ये याबद्दल सूचना काढली होती. साधा कागदही मला पटत नाही, खालची बाजू वाफेने ओली होते. परातीवर उंच पायाची तारेची जाळी ठेवा, नाहीतर बांबूची रोळी. वारा खालून खेळला की पदार्थ कुरकुरीत राहते.

सातासमुद्रापार

उरलेल्या तेलाचं तुम्ही सगळे काय करता? इथे सिंकमध्ये ओतलं तर नळकांड्यात गोठून बसतं.

निवृत्त_यंत्री

तेल कोमट झालं की सुती पातळ कापडातून गाळून, स्टीलच्या झाकणाच्या डब्यात, उजेडापासून दूर. आठवड्याभरात फोडणीला संपवावं. पुन्हा तळणीला एखाद्या वेळीच. फेस बसेना, तेल दाट झालं, वास बदलला किंवा नेहमीच्या आचेला धूर येऊ लागला की ते संपलं. दुकानं-हॉटेलांसाठी २०१८ पासून नियम आहे की तेलातली बिघाडाची संयुगं, टोटल पोलर कंपाउंड्स, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. आपल्याकडे मोजायला यंत्र नाही, म्हणून डोळे आणि नाक. त्याच वर्षी वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेल करण्याची रुको नावाची योजनाही सुरू झाली. काही शहरांत सोसायटीत डबा ठेवून तेल नेतात, तुमच्या भागात चौकशी करा. ते नसेल तर थंड तेल भुशात किंवा जुन्या कागदात जिरवून कचऱ्यात. मोरीत कधीच नाही.

आणि कोणत्या तेलात तळावं हा प्रश्न येण्याआधीच सांगतो: रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल २२५ अंशांच्या पुढेपर्यंत धूर देत नाही. घाण्याचं शेंगदाणा तेल चवीला फार छान, पण १६०-१७० लाच धुरायला लागतं. ते फोडणीला ठेवावं.

मालवणी_वडा

काका, घाण्याच्या तेलात आमच्या घरी तीन पिढ्या तळणी झाली आहे. धूर येतो तिथे आम्ही आच कमी करतो. चव सोडायला मी तयार नाही.

निवृत्त_यंत्री

आच सांभाळणारा हात असेल तर माझी हरकत नाही. नवीन शिकणाऱ्याला मी रिफाइंडच सांगेन.

रानजाई

मंडळी, कढई आली. रविवार पेठेत चार दुकानं फिरले. ठोकीव लोखंडी, तोंडाशी २६ सेंटीमीटर, दुकानदाराने तराजूवर ठेवून दाखवली, दोन किलो तीनशे ग्रॅम. दोन्ही कानांना दोन-दोन रिबिट. घ्यायच्या आधी उलटी करून बुडावर तळहात फिरवला, आणि शेगडीच्या कड्यासारखं एक कडं मागून त्यावर ठेवून पाहिली, डुगडुगत नाही. एक चपटा झारा फूटभर दांड्याचा, एक बारीक जाळीचा चुऱ्यासाठी. सांडशी जुनीच. थर्मामीटर मागवला आहे.

कांद्याचे काप तीन वेळा परतले. पहिल्या दोन वेळा काप राखाडी झाले, तिसऱ्यांदा नाही.

काल चिवडा केला. त्या टोपलीत मूठ-दीड मूठ पोहे. बुडवली, एकदम फुलून टोपली भरली, मोजून आठ-दहा सेकंदांत वर. एकही पोहा तांबूस नाही. सासूबाई शेजारी स्टुलावर बसून होत्या. त्यांनी दोन दाणे तोंडात टाकले आणि म्हणाल्या, "पुढचा घाणा मी करते, सर जरा." दोन किलो पोहे त्यांनीच तळले. तेल सगळं मिळून सव्वा लिटर घेतलं होतं, गाळून पाऊण लिटर उरलं.

आज चकलीचा पहिला घाणा. आवाज बसेपर्यंत थांबले. मधली एक मोडून पाहिली, आतली नळी कोरडी आहे.

अबोलीताई, अनारशाचं पीठ मुरतंय, रविवारी काढते. त्या भांड्याचं बूड तसं पातळच आहे. एक विचारायचं राहिलं: तूप दोन बोटं म्हणालीस, ती उभी की आडवी?

अबोली७१

आडवी. आणि पहिला अनारसा अगदी लहान, सुपारीएवढ्या गोळीचा कर. तो हसला तर पिठात थोडं तांदळाचं पीठ मळून घे, मगच पुढचे थाप.